हातातून सुटलेली घार

बुधवार, संध्याकाळ

म्हणे मी मध्ये आले! घरापुढचं खळं माझं, वाळत घातलेले बांगडे माझे, आणि मध्ये आले कोण, तर मीच. आमच्या भाड्याच्या खोलीत उतरलेला हा पुण्याचा फोटोवाला सकाळपासून घारीसाठी कॅमेरा लावून बसलेला. घार बांगड्यांवर उतरली तशी मी धावले. "मावशी, फोटो फुकट गेला," म्हणाला. "खळा माजा. मदी तू इलंस," मी सुनावलंच.

मग त्याने दाखवला. तांबडी घार, पांढरं डोकं, पंखांतून ऊन गाळून आलेलं. खाली मी. हात वर केला होता तो तिला हाकलायला, पण फोटोत वाटतं, मीच तिला हातातून सोडली. जन्मभर हुसकत आले हिला, आणि हा हात असा दिसतो?

भाकऱ्या थापताना तोच हात बघत राहिले. एक करपली. घरातल्या एकाही फोटोत मी अशी नाही. सगळीकडे पदर ओढून, कोणाच्या तरी मागे.

आणि तो म्हणतो, पुसून टाकणार. पुसतो कसा? रविवारी जायचंय त्याला. उद्या चहा देतानाच विचारते: बाबा रे, शनिवारपर्यंत सांग, तो फोटो माका देतलंस काय नाय?