लुगड्यावरचा शर्ट

मी, चंद्राबाई भीमराव रासकर, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार निरवांगी, तालुका इंदापूर, हे मृत्युपत्र बारामतीत वकीलसाहेबांना सांगून लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

१. डाळिंबाची बाग व राहते घर मुलगा सुयोग आणि सून स्वरूपा या दोघांच्या नावे, समान हिश्शाने. आईने बायकोचे नाव कशाला घातले, असे सुयोगला वाटेल. छाटणीच्या वेळी बागेत कोण असते, ते त्याने आठवावे.

२. माझी सगळी लुगडी स्वरूपाला. जीन्सवर घालायला ती त्यांची जाकिटे शिवणार आहे, तसे तिने मला विचारले आहे. इरकलीला कात्री लागली म्हणून कोणी हळहळू नये. जाकीट आणि वर नथ अशी ती परवा हळदीकुंकवाला गेली, तेव्हा मला फार गोड दिसली.

३. शिलाई मशीनही तिलाच. हे मी रागाच्या भरात घेतले. इंदापूरच्या एका टेलरने "बायांच्या शर्टाला खिसा नसतो" म्हणून माझे कापड परत केले होते. मग मी खणाचे, कॉलरचे शर्ट घरीच शिवले आणि एकूण एक शर्टाला खिसा लावला. टेलरला माफ केलेले नाही, तशी नोंद असावी.

४. शर्टाबद्दल सांगणे भाग आहे. आमच्याकडे उसात नि बागेत काम करताना बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, हात ओरखडू नयेत म्हणून. घरी आल्यावर काढून खुंटीला लावतात. मीही भीमरावांचा खाकी शर्ट असाच घालायची. ते गेल्यावर एकदा तो अंगात तसाच ठेवून बाजाराला गेले, आणि मग काढावासाच वाटेना. लुगड्यात मी म्हेत्र्यांची लेक, रासकरांची सून. वर शर्ट चढवला की बाग राखणारी चंद्रा. दोन्ही मिळूनच मी होते.

५. आता मुद्द्याचे. सुयोगच्या लग्नात मी नऊवारीवर खणाचा शर्ट घातला. माझा धाकटा भाऊ आबाजी, राहणार वरकुटे, फोटोच्या वेळी म्हणाला, "आक्का, त्यो शर्ट काढ. लोकं हसत्यात. न्हायतर मी फोटोत न्हाय." मी काढला नाही. तो फोटोत नाही. तेव्हापासून भाऊबीजेची साडी पाठवतो, स्वतः येत नाही. मागे निरोप धाडला, "शेवटचं लुगडं मीच आनीन. पन त्यावर शर्ट दिसला तर आल्या पावली माघारी फिरीन."

बाईला शेवटचे वस्त्र माहेरचे लागते, आणि ते मला हवेच आहे. आबाला मी कडेवर वाढवला. त्याच्या हातचे लुगडे अंगावर पडल्याशिवाय मला जायचे नाही. पण शर्टाशिवायही जायचे नाही. सबब माझी इच्छा अशी, की लुगडे आबाजीचे असावे आणि त्यावर शर्ट असावा. वकीलसाहेब म्हणतात, या कलमाला कायद्याचा आधार नाही. मी म्हटले, हे कायद्यासाठी नाही, भावासाठी आहे. म्हणून साक्षीला मुद्दाम त्यालाच बोलावले. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये म्हणतात, त्यामुळे त्याला काही दिलेले नाही.

वरील मजकूर सर्वांसमक्ष वाचून झाला. आबाजीने शर्टाचे कलम पुन्हा एकदा वाचायला लावले. मग सही करून तो म्हणाला, "आक्का, शर्टाचं माप सांग. लुगडं माहेरचं, तर शर्टबी माहेरचाच पायजे."

त्याचे बोलणे मी जसेच्या तसे लिहायला लावले आहे. माप सांगताना मला रडू आले, तेही लिहा म्हटले.

लिहून देणार: चंद्राबाई भीमराव रासकर (सही)

साक्षीदार:
१. आबाजी दादू म्हेत्रे, वरकुटे (सही)
२. डॉ. माधवी जगताप, बारामती (सही)

ठिकाण: बारामती
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५