चार नंबरचा वाफा

आणि चोर म्हणायचंच होतं तर पाकिटातून म्हणायचंस ना, ताई! पोस्टकार्डावर कुणी म्हणतं का? तुझं कार्ड बेकरीच्या पत्त्यावर आलं. आधी गेटवाल्याने वाचलं, मग कणीक मळणाऱ्यांनी वाचलं, पाव कापणाऱ्याने मशीन बंद करून मोठ्याने वाचलं (तुझं अक्षर छान आहे, असंही तो म्हणाला), आणि सगळ्यांचं झाल्यावर ते माझ्या हातात आलं. तोवर मजकूर मला पाठ झाला होता. पावाच्या गाडीचा ड्रायव्हर तुमच्या गावावरून जातो आणि तुझ्या दारात चहा पितो, त्याने तुला अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी ऐक, मग काय म्हणायचं ते म्हण. (नमस्कार वर लिहायचा राहिला, तो इथे धर. भावजींनाही सांग. आईचे गुडघे कसे आहेत? मी बरा आहे, फक्त नाकाला खरचटलंय, ते का ते पुढे येईलच.)

तर बेकरीच्या मागे कामगारांची बाग आहे. बाग म्हणजे फुलंबिलं नाहीत, एका ओळीत नऊ वाफे. ज्याच्या नावावर जो वाफा, त्यात त्याने भाजी लावायची आणि खायची. आमच्या भट्टीवाल्या आजोबांनी दोन महिन्यांपूर्वी काम सोडलं आणि जाताना आपला वाफा माझ्या नावावर केला. चार नंबर तुझा, म्हणाले, सगळं लावलेलं आहे, पाणी घाल आणि खा. नंबराच्या पाट्या होत्या म्हणे कधीतरी, पण रंग उडाला आणि कमिटी रंगाचा डबा घ्यायला तीन वर्षं विचार करतेय. मी दारातून आत शिरलो, एक, दोन, तीन, चार मोजलं, आणि समोर काय सांगू! टोमॅटो लालबुंद, वांगी चकचकीत, घेवडा काठीवर चढून पलीकडे उतरलेला. आजोबांचा हात काही औरच, असं मनात म्हणालो आणि त्याच दिवशी ओंजळभर टोमॅटो तोडले. माझी पाळी पहाटेची, सुट्टी दुपारी बाराला. त्यामुळे बागेत मी जायचो ते टळटळीत दुपारी, तेव्हा तिथे चिटपाखरू नसतं. हे लक्षात ठेव, माझ्या बाजूने एवढीच एक गोष्ट आहे.

आठवडाभरात चोरी सुरू झाली. काल मोजून ठेवलेली सात वांगी आज चार. पिकायला ठेवलेला टोमॅटो देठासकट गायब. माझी झोप उडाली. भाजीसाठी नव्हे गं. तुला ठाऊक आहे, मुकादमांनी मला पुढच्या महिन्यात कायम करायचं कबूल केलंय, आणि कायम झालेल्याला दोन खोल्या मिळतात. आईला मी लिहून बसलोय की दुसरी खोली तिची. तुमच्या स्वयंपाकघरात तिची खाट किती दिवस राहणार, आणि त्या खाटेला अडखळून भावजी किती दिवस काही न बोलता बाहेर जाणार, ते मला इथे बसून दिसतं. आता मुकादमच बागेचे अध्यक्ष. वाफा नीट राखता येत नाही तो खोली काय राखणार, असं ते एकदा दुसऱ्या कुणाला म्हणाले होते आणि ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. म्हणून मी लेखी तक्रार दिली. माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज. मुकादमांनी वाचला आणि म्हणाले, अजून एक अशीच तक्रार आलीय. म्हणजे चोर सराईत आहे, दोन-दोन वाफे धुतोय, असं मी समजलो.

मग मी कंबर कसली. भट्टीखालचं झाडलेलं पीठ पिशवीत भरून नेलं आणि वाफ्याभोवती पसरलं. दुसऱ्या दिवशी पिठात पावलं! लहान, बायकी चप्पल, उजव्या टाचेला ठिगळ. चोर बाई आहे हे कळलं आणि मला जरा वाईटही वाटलं, पण राग जास्त आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बादली घेऊन वाफ्यात शिरतो तो पायात काहीतरी अडकलं आणि मी वांग्यात तोंडावर पडलो. (नाक ते हे.) बघतो तर घोट्याइतक्या उंचीवर काळा दोरा ताणलेला, बटणं लावतात तसला, तिपेडी. आता हिने माझ्या जिवावर उठायचं ठरवलंय, अशी माझी खात्री झाली. तिसऱ्या दिवशी वाफ्यात पुठ्ठ्याची पाटी. त्यावर, चोरा, गरिबाचं खाताना लाज वाटू दे. ताई, मला गहिवरून आलं. कुणीतरी भल्या माणसाने माझी बाजू घेऊन चोराला सुनावलं होतं! पाटी वाऱ्याने कलली होती, ती मी सरळ केली, दगडाने ठोकली आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, खरं आहे.

माझा संशय कुणावर होता तेही सांगतो. माझ्यापासून दोन वाफे पुढे, नळाच्या बाजूला, एक वाफा वाळून कोळ झाला होता. कुणी आळशी, ऐतखाऊ माणूस असणार. पाण्याच्या बादल्या नेताना मी रोज त्याच्या कडेने जायचो आणि थेंबभर पाणीसुद्धा त्यात सांडू द्यायचो नाही. इतका माझा राग.

रविवारी सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांची बैठक बसली. अध्यक्ष मुकादम, शेजारी जाड चष्म्याचे चिटणीस वही घेऊन. दुसरी तक्रार शिवणवाल्या मावशीची होती. त्या बेकरीचे डगले आणि पिठाच्या पिशव्या शिवतात, नवरा नाही, पहाटे बागेत येऊन मग मशीनवर बसतात. त्या म्हणाल्या, सहा आठवडे माझी भाजी जातेय, पण चोर वर पाणी घालून जातो, असला कसला चोर तेच मला कळत नाही. लोक हसले. मी हसलो नाही, मी उभा राहिलो. (मला कुणी उभं केलं नव्हतं.) म्हणालो, असं चालणार नाही, चोर सापडला की त्याचा वाफा काढून घ्या, त्याचं नाव गेटवर लावा आणि कामावर असेल तर कायमच्या यादीतून उडवा. मुकादमांनी मान डोलावली. म्हणाले, मंजूर. मला आणखी चेव आला. म्हणालो, स्वतःचा वाफा वाळवून जो माणूस जगतो तो खातो कुठून? त्या वाळक्या वाफ्याचा मालक कोण ते वहीत बघा!

चिटणीसांनी वही उघडली. बोट जिभेला लावून पान उलटलं. खिडकीतून बाहेर बघून नळापासून मोजलं. पहिल्यांदा मला ते खटकलं, की हा माणूस नळापासून का मोजतोय? शेजारच्याला विचारलं, तर म्हणाला, इथे सगळेच नळापासून मोजतात, नळ आधीचा आहे, दार मागाहून पाडलं. ताई, माणूस दारातून आत येतो, नळातून येत नाही! पण हे कुणाला सांगू? चिटणीसांचं बोट वहीवरून खाली येत होतं आणि मी मनातल्या मनात उलटं मोजत होतो. दारापासून चौथा म्हणजे नळापासून सहावा. सहावा कुणाचा? मावशी पाय पुढे करून बसल्या होत्या, उजव्या टाचेला ठिगळ. चिटणीस म्हणाले, वाळलेला वाफा चार नंबर. आणि चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. बाहेर नळ टपटपत होता.

मी काय बोललो ते मला आठवत नाही. बोललो ते दार आणि नळ यांच्याबद्दलच असणार, कारण हात सारखा दाराकडे जात होता. मावशी उठल्या, जवळ आल्या, माझ्या नाकाकडे बघितलं आणि विचारलं, ते ‘खरं आहे’ तू लिहिलंस का रे मेल्या? मी हो म्हणालो. मग त्या खाली बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या, आणि शेड हसलं. पैसे नकोत म्हणाल्या. दुपारचं पाणी चालू ठेव, वांगी अशी कधी धरली नव्हती. त्यांच्या बाजूने प्रकरण मिटलं. मुकादम मात्र हसले नाहीत. त्यांनी मी मांडलेला आणि त्यांनी मंजूर केलेला ठराव पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितला, आणि निर्णय पहिल्या तारखेपर्यंत राखून ठेवला. आज चोवीस आहे.

बाकी सर्व ठीक. भावजींना सांग, राग धरू नका. आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस, खोलीला दक्षिणेची खिडकी आहे एवढं सांग.

तुझा भाऊ (चोर नव्हे)

ता.क. मुकादम म्हणाले, मोजायला चुकलो असं पकडलेला प्रत्येकजण म्हणतो. घरच्या वडीलधाऱ्याने लेखी हमी दिली, की हा मुलगा कुणाच्या वस्तूला हात लावणारा नाही, तर नाव यादीत ठेवतो. वडीलधारं माणूस म्हणजे तूच. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. पहिल्या तारखेच्या आत पोचायला हवं.

ता.क. दुसरा. हमी देणाऱ्याला सगळं माहीत असावं म्हणून लिहितो, आणि हे मी शेडमध्ये बोललो नाही. आजोबा जाताना म्हणाले होते की चार नंबरात भोपळ्याचा वेल आहे. मी राखत होतो त्यात भोपळा पहिल्या दिवसापासून नव्हता. वेलासकट चोरीला गेला, अशी मी मनाची समजूत घातली. वेलासकट भोपळा कोण नेतो, ताई? आणि शनिवारी बादली नेताना त्या वाळक्या वाफ्यात मला दोन मुठींएवढा भोपळा दिसला. मी थांबलो, आणि पुढे गेलो. सहा आठवडे इतका ओरडलो होतो की आवाज खाली कसा आणायचा ते सुचेना, म्हणून रविवारी आणखी चढवला. आता हे वाचूनही लिहावंसं वाटलं तर लिही.

ता.क. तिसरा. दर महिन्याला बाराशे पाठवतो. वरचे तीनशे आईच्या गुडघ्यांचे आहेत, तुझ्या हमीचे नाहीत, तसं मनातही आणू नकोस. ड्रायव्हरच्या हाती, पाकीट चिकटवून, पंधराशे पाठवतोय.