पंचाचे कान

बाबूजी, परवा त्याच मैदानावर मला खुर्चीत बसवलं, नारळ दिला, शाल पांघरली. शाल इतकी हलकी होती की तुम्ही ती दुकानात ठेवलीच नसती. तुमचा नातू, माझा भाचा, जो आता तुमच्या गादीवर बसून कापड विकतो आणि गावच्या स्पर्धेचा आयोजकही आहे, माइक हातात घेऊन या आत्याकडे बोट दाखवत म्हणाला, "याच मैदानावर आमच्या भुआजींनी अक्कलकुव्याच्या संघाला हरवलं होतं. का? तर घरची माणसं पाठीशी होती! आज आपल्या पोरींना तोच आवाज द्या." गावाने दिला. ध्वनिक्षेपक फाटेल इतका दिला. आणि त्या आवाजात एका पोरीचा हात बुडाला. त्याबद्दल मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी भांडायला मला तुमच्याइतकं जवळचं कोणी मिळालेलं नाही. तुमच्याशी मी मारवाडीत बोलायचे, बाजारात अहिराणीत भांडायचे, सिस्टरांच्या शाळेत इंग्रजीत माफी मागायचे. लिहायला मात्र मराठीच बरी पडते. पोस्टात जन्म काढलेली बाई मी, लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले. स्वतःचं असं लांब पत्र हे पहिलंच.

मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना होता. एका बाजूला आपल्या गावची शाळा, आणि त्यात तुमची पणती, म्हणजे या भाच्याचीच मुलगी. दुसऱ्या बाजूला तोरणमाळकडच्या आश्रमशाळेच्या मुली. इथून जिंकेल तो संघ पुढे नंदुरबारला जातो. आपल्या पोरी घरी झोपून, शिरा खाऊन, केसांना तेल लावून आल्या होत्या. त्या पहाटे अंधारात जीपमध्ये कोंबून घाट उतरून आल्या. एक नळाशी उभी राहून ओकत होती आणि तिची मैत्रीण तिच्या पाठीवर हात फिरवत एकीकडे भाकरी खात होती. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो मला तिथेच दिसला, पण जीपला कोणी हार घालत नाही. आवाजाला घालतात.

तरी त्या काय पळाल्या, बाबूजी! पहिल्या डावात आपली माती त्यांना नवी होती, दोघी घसरल्या. दुसऱ्या डावात त्यांनी तीही ओळखली. शेवटची मिनिटं. त्या एका गुणाने मागे, आणि आपली पणती मैदानात उरलेली. ती खांबाला वळसा घालून निघते आणि मघाची ओकणारी पोर मागून सूर मारते. तिचा पंजा पणतीच्या टाचेवर पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहते. चष्मा नवा आहे, मोतीबिंदू गेल्या वर्षीच काढलाय. बाद दिलं असतं तर बरोबरी आणि जादा डाव. त्या मुली अजून ताठ उभ्या होत्या, आपल्या पोरी कमरेवर हात ठेवून वाकल्या होत्या, तेव्हा जादा डावाचं काय झालं असतं ते सांगायला ज्योतिषी नको. पण चारी बाजूंनी एकच कल्लोळ उठला, "नही शे! आउट नही शे! ए पंच, डोया फुटनात का तुन्हा?" पंचाने मान हलवली. नाही. शिट्टी झाली, गुलाल उधळला, आणि ती पोर तशीच पालथी पडून खांबाकडे बघत राहिली.

बक्षिसं वाटून झाल्यावर मी तिच्याकडे गेले. गुडघा सोललेला, त्यावर माती दाबून बसली होती. म्हटलं, "एवढ्या आवाजाने घाबरलीस का गं?" ती हसली. "नाही बाई. ते काय बोलत होते ते आम्हाला कळलंच नाही. आम्हाला वाटलं, आमच्यासाठीच ओरडतात. आमच्याकडे एवढी माणसं होळीलाच जमतात. तेव्हाही असंच ओरडतात." पावरी बोलणारी पोर ती, शाळेची मराठी शिकलेली; अहिराणीतल्या शिव्या तिच्या अंगावरून वाऱ्यासारख्या गेल्या. गावाने ज्यांना घाबरवायला घसा फोडला, त्यांना तो सणाचा गोंगाट वाटला. आणि आपल्या पोरींचं बळ त्याने वाढलं म्हणावं, तर पणती घरी येऊन म्हणते, "भुआजी, खेळताना मला काही ऐकूच येत नाही. फक्त माझा श्वास ऐकू येतो." मग तो आवाज गेला कुठे? एवढा मोठा आवाज, कुणाच्या तरी कानात शिरलाच असेल ना?

पंच सायकलच्या स्टँडपाशी चप्पल शोधत होता. जवळच्याच शाळेतला मास्तर, चाळिशीचा, सरळ माणूस, कुणाचा चहाही घेत नाही. त्याला विचारलं, "मास्तर, हात लागला होता की नाही?" तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "ताई, लागना व्हई. पन आवाज इतला व्हता ना, मले दिसनंच नही." मी म्हटलं, "आवाजाने डोळे मिटतात होय?" तर म्हणाला, "मिटतस ताई. सकाय मले याच गावमा दूध लेवाले जानं शे. हाई समदा तठेच भेटतीन." उद्या याच माणसांत दूध आणायला जायचं म्हणून डोळे मिटले! मला चीड आली. आणि चिडताना लक्षात आलं की इतक्या वर्षांत या गावात इतका खरं बोलणारा पंच मला दुसरा भेटला नाही. साथीच्या काळात रिकाम्या मैदानांवरचे सामने टीव्हीवर लागायचे, आठवतं. घरचे संघ तेव्हा पाहुण्यांसारखे दिसायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांना टाळ्या नाहीत म्हणून. आता वाटतं, तेव्हा पंचाला निवांत बघता येत असणार.

आणि मग मला तुम्ही आठवलात. आमचा अंतिम सामना. तुम्ही बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं, कापडबाजारात हसू झालं होतं की शेठजी पोरीच्या उड्या बघायला गेले. काकी तर म्हणाली होती, "चड्डी घालून पळणाऱ्या पोरीला कोण करणार?" तुम्ही माझ्यासाठी सुरतेहून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले होते. खो-खो अनवाणी खेळतात हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि मला तुम्हाला सांगवलं नाही. मी ते बूट घालून मैदानापर्यंत गेले, तिथे काढून सिस्टरांच्या हातात दिले, येताना पुन्हा घातले. तुम्ही कडुनिंबाखाली टोकाच्या खांबाजवळ उभे, पांढरं धोतर, हातात दुकानातला कापड मोजायचा लाकडी गज. एरवी गिऱ्हाइकाशीसुद्धा हळू बोलणारे तुम्ही, त्या दिवशी तुमचा आवाज सगळ्या गावावर चढला होता.

शेवटी अक्कलकुव्याची उंच मुलगी राहिली होती. मी सूर मारते. बोटांच्या टोकांना काहीतरी लागतं. तिच्या स्कर्टची किनार की नुसता वारा, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही सांगता येत नाही. मी मातीत पालथी, डोळ्यांत धूळ, तुम्हा सगळ्यांकडे पाठ. वरून तुमचा आवाज येतो आणि मग पंचाची शिट्टी. बाद. ती मुलगी रडत रडत सिस्टरांना सांगत होती, "नाही लागला हो, शपथ." सिस्टरांनी तिला पाणी दिलं आणि आम्हाला रांगेत उभं केलं.

दुसऱ्या दिवशी तुमचा घसा पार बसला होता. तुम्ही चुलीसमोर पाटावर बसून हळदीचं दूध फुंकत होतात, आई तुम्हाला हसत होती. मी विचारलं, "बाबूजी, तुम्ही खांबाजवळच होतात. माझा हात लागला होता का?" तुम्ही दुधाचा पेला खाली ठेवलात. जन्मात मला कधी रागावला नव्हतात, तेव्हा रागावलात. "पंचाने दिलं ना? मग झालं. एवढी माणसं तुझ्यासाठी ओरडली ती काय वेडी होती?" आवाज फुटत नव्हता, म्हणून ते कुजबुजल्यासारखं आलं आणि जास्त लागलं. मी पुन्हा विचारलं नाही. तो पंच दर सणाला आपल्याच दुकानातून कापड न्यायचा, तुम्हाला वाकून नमस्कार करायचा, ही गोष्ट मला परवापर्यंत कधी जोडून बघावीशी वाटली नव्हती. तुम्ही त्याला काही सांगितलं असेल असं मी म्हणत नाही. तुम्ही तसे नव्हतात. पण तुम्हाला काही सांगायची गरजच नव्हती, बाबूजी. तुम्ही नुसते तिथे उभे होतात, आणि तुमचा आवाज त्याला ओळखीचा होता.

मला एवढंच विचारायचं आहे. ओरडताना तुम्ही कुणाकडे बघत होतात? माझ्याकडे की त्याच्याकडे? माझ्याकडे बघत असाल तर तो बापाचा आवाज होता, मग तो पंचाच्या कानात गेला तर तुमचा काय दोष. त्याच्याकडे बघत असाल तर आपण दोघांनी मिळून त्या उंच मुलीला हरवलं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. साऱ्या आयुष्यात माझी म्हणून जी एक जीत आहे, तिचं काय करू ते सांगा.

आश्रमशाळेच्या बाईंनी तक्रार केली आहे. उद्या सकाळी आयोजक मंडळ बसणार आहे. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही प्रमुख पाहुण्या होतात, अगदी समोर होतात. तुम्ही बोललात तर सामना पुन्हा खेळवतील. आमचं कोण ऐकतं?" काल जेवताना मी भाच्याला सांगितलं की मी बोलणार आहे. त्याचा घास हातातच राहिला. "भुआजी, तुम्ही पाहुण्या होतात की त्यांच्या वकील? आपलीच पोर आहे ती."

"पोर आपली आहे. पंचाचे डोळे आपले कधीपासून झाले?"

"सगळीकडे असंच असतं. त्यांच्या मैदानावर गेलो तर ते नाही ओरडणार?"

"ओरडतील की. आणि पंच तिथला असेल तर तोही दूध घ्यायला तिथेच जाईल. म्हणून तर म्हणते, फाटक बंद करून खेळवा. आत दोन संघ आणि बाहेरगावचा पंच. बघू घरचं मैदान किती जिंकतं."

"प्रेक्षकच नाहीत तर स्पर्धा कशाला म्हणायची?"

"मग याला तमाशा म्हणा आणि बक्षीस ओरडणाऱ्यांना द्या."

भाचेसुनेने माझ्या ताटात न मागता भात वाढला. पणती खाली मान घालून बसली होती. मग हळूच म्हणाली, "पुन्हा खेळलो आणि हरलो तर?" मी तो न मागितलेला भात कालवायला घेतला.  शाळेला जाताना ती रोज माझ्या खोलीत डोकावते, आज डोकावली नाही.

आता दुपारी दुकान मिटलंय, घर झोपलंय, आणि मी उद्या काय बोलायचं ते मनात जुळवते आहे. पंजा टाचेवर पडला, मी पाहिला. पंच गर्दीला भ्याला. सामना रिकाम्या मैदानावर पुन्हा व्हावा. तीन वाक्यं, सोपी. सिस्टरांनी शिकवलं तशी ताठ उभी राहून सांगणार होते. पण बोलायचं म्हणून तो क्षण पुन्हा डोळ्यांसमोर आणला आणि अडले. पंजा पडलेला दिसला, ठीक. त्याच्या लगेच पुढे मला पणती दिसत नाही. ती पडणारी पोरही दिसत नाही. दिसतो पंचाचा चेहरा, अगदी स्वच्छ, वरच्या ओठावरच्या घामासकट. एवढ्या धावपळीत मी त्याचा चेहरा कशाला बघत होते?

कारण मी खुर्चीत नव्हते, बाबूजी. उभी होते. शाल खाली पडली होती, ती नंतर कोणीतरी झटकून दिली. मी पणतीचं नाव घेऊन ओरडत होते, तुमच्याच आवाजात, आणि बघत होते पंचाकडे. मान हलवण्याआधी त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं होतं. उद्या हेही सांगावं लागेल. मंडळाला सांगायचं धाडस अजून झालेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगून पाहिलं.