भात सोडलेल्या माणसाचं क्षेम

बेंगळुरू,
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर
(आमच्या घरात हल्ली ज्याला जेवण म्हणतात ते)

तीर्थस्वरूप अलकाताईस,

सूर्यकांतचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगात पोट धरत नाहीत म्हणे, पण माझ्या बाबतीत जमिनीला पहिलं तेच टेकतं.)

विनंती विशेष. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहून तिकडचं क्षेम विचारायचं असतं, पण तुझं क्षेम मला दाजी रोज कळवतात. आज पायाला सूज किती, आज पाणी मोजून प्यायलीस की चोरून, आज डायलिसिसच्या खुर्चीत बसून शेजारच्या बाईशी कशावरून वाद घातलास, सगळं. राहिलं माझं क्षेम. ते फोनवर सांगायला गेलं की तुला लगेच माझा आवाज तुटक यायला लागतो. ताई, मिरजेची रेंज इतकी वाईट नाही. त्याच फोनवर दाजींना मी स्वच्छ ऐकू येतो. म्हणून हे पत्र. शिवाय डायलिसिसला तुला तासन् तास एका जागी बसावं लागतं, एक हात यंत्राला जोडलेला असतो आणि मध्येच उठून जाता येत नाही. असा वाचक लिहिणाऱ्याला सहसा मिळत नाही.

मूळ विषय म्हणजे माझी डावी किडनी. ती तुला द्यायची असं मी ठरवलं, रक्तगट जुळला, बायको असून उल्का हो म्हणाली, लेक सिद्धी रडून झाल्यावर हो म्हणाली, आणि नाही म्हणणारी एकटी तू निघालीस. "तुला पोरीचं लग्न करायचंय, मला नको तुझं काही." (आहेर परत करायची खोड आपल्या घराण्यात आहेच, पण ती साड्यांपुरती होती.) त्यात इथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे आडवं-उभं बघून सांगितलं की नऊ किलो उतरवा, साखर काठावर आहे ती खाली आणा, मग पुढच्या तपासण्या. हे तुला सांगितलं तेव्हा कितीतरी दिवसांनी तुझा आवाज खुलला. म्हणालीस, "बरं बाबा, नऊ किलो उतरवून दाखव, मग मी हो म्हणते." मी घरभर आनंदाने सांगत सुटलो. दोन दिवसांनी उल्काने मला समोर बसवून समजावलं की हा होकार नव्हे. ज्या माणसाला तू लहानपणापासून जेवताना बघितलं आहेस, त्याला तू मुद्दाम घातलेली ती अट आहे. तेव्हापासून तू निर्धास्त झोपत असणार याची मला खात्री आहे.

तर मी कामाला लागलो. सिद्धीचं ऑफिस एचएसआर लेआउटमध्ये आहे, तिथे सगळी तरुण पोरं कार्ब सोडून बसलेली असतात. तिने जाहीर केलं की बाबा, वजन झटपट उतरवायचं तर कार्ब बंद. कार्ब म्हणजे काय, विचारलं, तर भात, पोळी, भाकरी, ब्रेड, पोहे, इडली अशी माझ्या आयुष्याची यादीच तिने वाचून दाखवली, आणि त्याच संध्याकाळी ऑफिसच्या कामाने पुण्याला निघून गेली. आता तूच सांग, तांदूळ बंद, गहू बंद, ज्वारी बंद, थोडक्यात धान्य बंद, याला आपल्यात काय म्हणतात? उल्काचं आणि माझं लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या लवकर एकमत झालं. मी रोजचा उपवास धरला.

सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी डब्यात बटाट्याची भाजी, राजगिऱ्याची पुरी, दाण्याची आमटी. चहाबरोबर रताळ्याचे काप (साजूक तुपात, कारण तेल वाईट). रात्री साबुदाणा वडा, तोही फक्त मन खचू नये म्हणून. ताई, इतक्या श्रद्धेने मी आयुष्यात काही केलं नव्हतं. धान्याचा एक दाणा पोटात गेला नाही. लोक म्हणतात डाएट अवघड असतं, मला तर उगाच बभ्रा केलेला वाटत होता. आठवडाभराने काट्यावर उभा राहिलो तर वजन वाढलेलं. उल्का म्हणाली काटा बिघडला असेल. आम्ही नवीन काटा आणला. त्याच्यावर आणखी थोडं भरलं.

बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर जयतीर्थ नावाचा गृहस्थ बसतो. (मी तिथे तपासणीला आहे. तू मिरजेत सगळ्यांना "सूर्या मोठा इंजिनिअर आहे" असं सांगतेस, ते कृपा करून बंद कर.) हा जयतीर्थ माध्व, घरात सोवळं कडक. कँटीनमध्ये त्याने माझा डबा बघितला, मी अभिमानाने सांगितलं की उपवास आहे. त्याने एकदा वड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "इदु उपवासाना?" म्हणजे, हा उपवास? त्यांच्यात एकादशीला पाणीसुद्धा पीत नाहीत. मी त्याला साबुदाणा, वरी, रताळं यांचं शास्त्र समजावून सांगायला लागलो आणि सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. तो काही हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

सिद्धी परत आली तेव्हा मी बशीत खिचडी घेऊन बसलो होतो. तिने किंकाळी फोडली. मग कळलं की साबुदाणा म्हणजे नुसता कार्ब. त्यात दुसरं काही नाहीच म्हणे. बटाटा कार्ब, रताळं कार्ब, वरी कार्ब. म्हणजे ज्यांनी आपल्याला उपवास शिकवले ते सगळे पुण्याबरोबर काय काय साठवत गेले याचा मी अजून विचार करतो आहे. कँटीनवाल्याने मला गुपचूप सांगितलं होतं की रागी मुद्दे खा (नाचणीचा उकडलेला गोळा, चावायचा नसतो, सांबारात बुडवून गिळायचा असतो), बारीक व्हाल. विचारलं, तर तोही कार्ब. मग बारीक होणारे होतात कशाने?

यानंतर खरी कार्बबंदी सुरू झाली. उल्का फ्लॉवर किसायची, वाफवायची आणि त्याला भात म्हणायची. त्याच्यावर वरण, तूप, लिंबू. पहिल्यांदा ते ताट पुढे आलं तेव्हा मला त्या वरणाची फार दया आली. बाकी अंडी चालतात, पनीर चालतं, कोंबडी चालते, तूप चालतं. (तूप! ज्याच्यापायी मी जन्मभर बोलणी खाल्ली ते तूप!) मीही हात आखडता घेतला नाही. डोकं दुखायचं, तोंडाला वास यायचा, आणि चिडका इतका झालो की कारखान्यात एक अख्खा चांगला लॉट मी बाद केला. जयतीर्थाने तो पुन्हा मोजला आणि पास केला. पण वजन, ताई, वजन धडाधड उतरायला लागलं! आठवड्यात तीन किलो! मी तुला लगेच फोन केला होता, आठवतं? तेव्हाही माझा आवाज तुटक आला होता तुला.

त्याच तोऱ्यात मी रुग्णालयात गेलो. तिथे आहारतज्ज्ञ प्रतिमा मॅडम आहेत. त्यांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या की हे उतरलंय ते बरंचसं पाणी आहे. शरीर साखर साठवतं ते पाण्यासकट साठवतं, कार्ब बंद केला की आधी तो साठा जातो आणि त्याबरोबर पाणी. चरबी अजून जागच्या जागी बसून आहे. (म्हणजे बघ, तिकडे मिरजेत यंत्र लावून तुझं पाणी काढतात आणि इकडे मी कोंबडी खाऊन माझं काढत होतो.) आणि त्याहून वाईट म्हणजे इतकं मांस-अंडं खाल्ल्याने रक्तातले किडनीचे आकडे वर सरकले होते. मॅडम म्हणाल्या, "जी किडनी बहिणीला द्यायची तिलाच तुम्ही ओझी वाहायला लावलीत?" ताई, मी घाबरलो. नऊ किलोंचं काही वाटलं नव्हतं, पण तुझ्यासाठी ठेवलेली वस्तू मी माझ्या हाताने खराब करतोय की काय, हेच मी मॅडमना पुन्हा पुन्हा विचारत बसलो. नंतर आकडे जागेवर आले, काळजी करू नकोस, पण तो आठवडा वाईट गेला.

मग मी विचारलं, कार्ब सोडल्याने वजन लवकर उतरतं की नाही, एकच काय ते सांगा. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला उतरतं. पुढे? पुढे हळू होतं. आणि जो कार्ब खातो पण एकूण कमी खातो त्याचं? त्याचंही उतरतं, सावकाश, आणि वर्षभराने दोघं जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. मग सोडायचा कशाला? तर काहींना त्याने भूक कमी लागते. आणि खायचा कशाला? तर काहींना त्याशिवाय राहवत नाही. घरी आलो तर सिद्धीने मोबाइलवर एक संशोधन दाखवलं, त्यात कार्ब सोडणारे जिंकले होते. त्याच्याच खाली दुसरं होतं, त्यात बरोबरी झाली होती. उल्का म्हणाली, दोन घास कमी घ्या आणि गप्प बसा. जयतीर्थ म्हणाला, "स्वल्प कम्मी माडि, साकु," म्हणजे थोडं कमी करा, पुरे. ताई, मी तीस वर्षं मालाची तपासणी करतो. आमच्याकडे वस्तू एक तर पास असते नाही तर नापास. "सुरुवातीला पास, पुढे बघू, माणसावर अवलंबून" असा शिक्का आमच्या टेबलावर नाही. मला खरोखर काहीही कळेनासं झालं आहे.

शेवटी मॅडमनी आखून दिल्याप्रमाणे दुपारी एक वाटी भात, एक पोळी, डाळ, भाजी, ताक, आणि रात्रीचा भात बंद, एवढ्यावर तह झाला. संध्याकाळी चालायला जातो. बागेतली कुत्री मला ओळखायला लागली आहेत. पहिले काही दिवस काटा जागचा हलला नाही, आणि मी वजन करायचंच सोडून दिलं. सकाळी उठून आपली लाज आपणच बघायची, हा कुठला व्यायाम?

तर एकूण माझं क्षेम हे असं आहे. तुझ्या अटीपायी मी उपवास करून सुटलो, उपवास सोडून वाळलो, पाणी गमावलं, अब्रू गमावली आणि ज्ञान काही मिळालं नाही. दाजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, तुम्ही रोज फोन करता तो करतच राहा. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनाही नमस्कार, त्यांना हे पत्र वाचून दाखवायला माझी हरकत नाही, भांडण तरी मिटेल.

तुझा धाकटा,
सूर्या

ता. क. फ्लॉवरच्या भाताबद्दल वर जे लिहिलं आहे ते उल्काच्या कानावर घालू नकोस. तो तितका वाईट नसतो. वाटल्यास परवा मी दुसऱ्यांदा मागून घेतला हेही सांग.

ता. क. दुसरा. या पत्राचं खरं कारण खाली लिहायचं धाडस होईपर्यंत इतकी पानं गेली. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी बोलावून काट्यावर उभं केलं. नऊ किलो उतरलं आहे, ताई. नवावर थोडं जास्तच. साखर खाली आली, किडनीचे आकडे बरोबर आहेत, राहिलेल्या तपासण्याही झाल्या आणि मी पास झालो. आता तुझी पाळी. "मग मी हो म्हणते" हे तू म्हणाली आहेस आणि दाजी त्याला साक्षीदार आहेत. तेव्हा डायलिसिस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं गाडीत बसा, यशवंतपूरला उतरा, मी स्टेशनवर असेन. ओळखू येणार नाही मी कदाचित, पण हात हलवीन. इथल्या डायलिसिसची सोय केली आहे. मला फोन करू नकोस. फोनवर तू नाही म्हणशील. नुसती ये.

ता. क. तिसरा. वजन कशाने उतरलं हे कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही, आणि तपासणीच्या माणसाला ते फार लागतं. रात्रीचा भात बंद केला त्याच आठवड्यात दाजींचा फोन आला होता की तुझ्या फुफ्फुसात पाणी झालंय, तुला भरती केलंय आणि तू "आता पुरे झालं रे" असं म्हणालीस. त्या दिवसापासून, ताई, कार्ब काय आणि प्रोटीन काय, ताटातलं काहीच घशाखाली जाईना. तू घरी आलीस तरी पुढे कितीतरी दिवस मी नुसतं चिवडून उठायचो. म्हणजे भातामुळे उतरलं की तुझ्या काळजीने, ते समजायला मार्ग नाही. आमच्याकडे नियम आहे की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, तरच कारण सापडतं. तेव्हा रात्रीचा भात मी बंदच ठेवतो. तू तेवढी बरी हो.