ओळखा पाहू

प्रिय सोरखा,

सिडनीहून फोन केलास आणि परत तेच म्हणालीस, बाबांना घरीच ठेव, परक्या ठिकाणी ते बावरतील. मी नुसतं हो हो केलं आणि फोन ठेवला. भांडायचंसुद्धा त्राण नव्हतं गं. वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय, त्यांना उत्तर हवं होतं, त्याबद्दलच लिहायला बसले.

काल साऊनची, आपल्या जुन्या सणाची रात्र झाली. गुरं डोंगरावरून खाली आली, उन्हाळा संपला. तुझे बाबा दर वर्षी फादरना चिडवायचे, आठवतं? "तुमचा संतांचा सण म्हणजे कालचं पोर, आमची साऊन तुमच्या चर्चच्याही आधीची!" मेलेली माणसं त्या रात्री घराकडे फिरकतात, त्यांनी आपल्याला सोबत नेऊ नये म्हणून तोंड झाकायचं, हे तुला त्यांनीच शिकवलं. दुकानात हल्ली या सणाला कोरायचे भोपळे आलेत, पण आपल्याकडची पोरं अजून गवताचे मुखवटे घालूनच येतात. मुकाट उभी राहतात, आणि घरच्यांनी हात बघून, चाल बघून ओळखायचं.

बाबा मला रोज विचारतात, "बाई, तुम्ही कोण?" रोज, सोरखा. म्हणून काल मला वेडेपणा सुचला. शेजारच्या ब्रीदला त्यांच्यापाशी बसवलं, मागच्या दाराने बाहेर पडले, मुखवटा चढवला आणि पोरांच्या रांगेत शिरले. म्हटलं, आज नाही ओळखलं तर तो खेळच असेल, जिवाला लागणार नाही.

बाबा काय खुलले होते! वाट्टेल ती नावं घेत होते. एकाला म्हणाले, "अरे लेका, तू तर मागेच मेलास की! ये, बटाटे खा!" पोरं खिदळली. मग माझ्यापुढे आले. माझे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले. हसू मावळलं. ब्रीदकडे वळून म्हणाले, "ही कोण ते काही सांगता येत नाही बुवा. पण फार दमलीय बिचारी. हिला कुणीतरी घरी पोचवा."

मी माझ्याच उंबऱ्यात उभी होते गं. मुखवट्याच्या आत रडून घेतलं.

आज सकाळी वृद्धाश्रमाला हो कळवलं. तुला विचारत नाहीये, सांगतेय. रागव हवं तर, पण ये. त्यांना तिथे सोडून आल्यावर या घरात एकटीनं शिरायचं नाहीये मला.

तुझीच, थकलेली
आई