काज, बटण आणि तिसरी तोंडी परीक्षा

ती. मामांस,

भाचीचा कमरेत वाकून नमस्कार (कंबर अभ्यासाने धरली आहे, तरीही). तुमची मान, चष्मा आणि शिलाई मशीन, तिन्ही ठीक असतील अशी आशा.

मामा, मी पास झाले! तिसऱ्या आणि शेवटच्या संधीत! नाहीतर गणिताची पदवी कायमची हुकली असती आणि तुमच्या दुकानात तुरपाई करत बसावं लागलं असतं (तुरपाईतही तुम्ही मला नापासच केलंय म्हणा).

प्रश्न तोच, दोनदा माझ्या मुळावर आलेला. सहा वस्तूंचे ढीग लावायचे. प्रत्येक ढिगातली संख्या विषम हवी, असे प्रकार चार. कुठलेही दोन ढीग सारखे नकोत, असेही प्रकार चारच. वस्तू कितीही घ्या, दोन्हीकडचे प्रकार सारखेच भरतात. का? दोन्ही वेळा मी फळाभर सूत्रं लिहिली, आणि परीक्षक बाई (नजर अशी की हातातला खडू तुटावा) म्हणाल्या, मोजू नका, जोड्या लावून दाखवा. काल पुन्हा तेच! आणि एकदम तुम्ही आठवलात. तुम्ही कधी बटणं मोजता? सरळ लावून बघता. काज रिकामं नाही, बटण उरलं नाही, झालं! मी टेबलावर सहा बटणं टाकली (कुठली ते आत्ता विचारू नका). एकेका बटणाचे सहा ढीग. सारखे दोन दिसले की एकत्र करायचे: दोन-दोनचे तीन झाले, त्यातल्या दोघांचा चारचा झाला, राहिले चार आणि दोन, दोघे वेगळे! उलट जायचं तर सम ढीग निम्मे करत सुटायचं, की परत सगळे विषम. प्रत्येक प्रकाराला आपापलं काज! बाई उठून स्वतःच ढीग लावायला लागल्या, कोणाला हात लावू देईनात. मग विचारलं, हे शिकवलं कोणी? मी छाती फुगवून म्हटलं, मामांनी, शिंपी आहेत.

तुमची लाडकी (आता पदवीधर) भाची

ता. क. तुम्ही माझ्याकडे इस्त्रीला दिलेला गिऱ्हाइकाचा राखाडी कोट मी परीक्षेला घालून गेले होते. बटणं त्याचीच. टाका तुमचा इतका पक्का, की दाताने तोडावा लागला! कोट या पत्रासोबत पाठवतेय; गिऱ्हाईक यायच्या आत तेवढी लावाल ना? मी ते गेल्यावर येते.

ता. क. २: बाई जाताना बोटांत काहीतरी फिरवत होत्या. मी मोजलं नाही, मामा, तुमच्याच रीतीने बघितलं. एक काज रिकामं आहे.