चार मागांची वाटणी

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारा, चार यंत्रमागांच्या खात्याचा, म्हणजे छोट्या कारखान्याचा, मालक, गल्लीत 'खटखटे' म्हणून ओळखला जाणारा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. कान अधू झालेत, पण मागाच्या खडखडाटात जन्म काढलेल्याचे कान जायचेच. त्याचा शुद्धीशी संबंध नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणावा असे माझ्यापाशी फारसे उरलेलेही नाही.

हा कागद करण्याचे कारण माझी मुलगी. दुसऱ्या शहरातल्या तयार कपड्यांच्या कारखान्याने तिला कापड तपासायच्या कामावर दोनदा बोलावले. दोन्ही वेळा "बाबा आहेत तोवर नाही" असे तिने कळवले. म्हटले, ठीक आहे, मी काही अमरपट्टा घेऊन आलेलो नाही. पण गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात ती भावाला सांगत होती, "बाबांनंतरही नाही. माग कोणी बघायचे?" मागवाल्यांच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात, म्हणून ते माझ्याही कानावर आले. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. मी मेल्यावर तिने त्या लोखंडापाशी जन्म काढू नये, एवढीच माझी इच्छा आहे आणि पुढची सगळी कलमे त्यासाठी आहेत.

कलम पहिले. खात्यामागच्या राहत्या दोन खोल्या मुलीला द्याव्यात. माग चालू असले की भिंत थरथरते, म्हणून फडताळात भांड्यांखाली जुने कापड घातले आहे, ते काढू नये. खोल्या विकायच्या असतील तर तिने खुशाल विकाव्यात. "बापाची वास्तू विकली" असे कोणी म्हणाले, तर त्याला माझ्या वतीने विचारावे, की पावसाळ्यात गळक्या कौलांखाली बादल्या ठेवायला तू कधी आला होतास का.

कलम दुसरे. मागांचे खाते, म्हणजे पुढची पत्र्याची शेड, मुलाला द्यावी. हे वाचून सगळ्यांच्या भुवया वर जातील. मुलगा परदेशी कापडाच्या गाठी आणून विकतो. ज्या कापडाने माझे माग बसले, त्याच कापडावर त्याचे घर उभे आहे. शेड गोदामासाठी मागायला तो आला, तेव्हा मी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवले होते. तो म्हणाला, "बाबा, मी नाही आणलं तर दुसरा कोणीतरी आणेलच." खरे होते. खरे असले म्हणून गोड लागते असे नाही.

आता शेड त्याला देतो, कारण त्याला दम निघत नाही. मला पोचवून आला की दुसऱ्या दिवशी तो ट्रक लावेल आणि गाठी रचेल. मग मुलीला माग चालवायला जागाच उरणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या घाईचा मला उपयोग होतो आहे.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी सगळे खापर एकट्या मुलावर फोडणार नाही. परदेशी कापडावरचा कर उठला, तेव्हा आमचा दलाल त्या कापडाचा पहिला तुकडा घेऊन गल्लीत आला. आम्ही सगळे मागवाले चहाच्या टपरीवर जमलो. कोणी तो उजेडात धरला, कोणी ताणला, कोणी दातात धागा धरून तोडला. "हे कापड आहे की चाळणी?" "दोन धुण्यांत पोतेरं होईल." आम्ही पोट धरून हसलो आणि आपापल्या मागावर गेलो. त्याचा भाव विचारायचे एकालाही सुचले नाही. कापड टिकते की नाही, हीच आमची परीक्षा. लोकांना आता टिकलेले नको, नवे हवे, हे आम्हाला कोणी सांगितले असते तरी आम्ही ऐकले नसते. पुढे आमच्या कापडाचा भाव पडला, तेव्हा तोटा भरून काढायला सगळ्यांनी रात्रपाळ्या लावल्या. माल वाढला, भाव आणखी पडला. आगीतून उठून फुफाट्यात.

कलम तिसरे. संघटनेच्या सभेत भाषण करून गेलेल्या मोठ्या साहेबांना मी काही ठेवत नाही. साहेब म्हणाले, "स्पर्धेला घाबरू नका, बाजार मोकळा झाला आहे." सूत बाहेर जायला मोकळे झाले, कापड आत यायला मोकळे झाले, अडकलो ते आम्ही मधले. हा माझा राग माझ्याबरोबर जाळावा, मुलांना वाटून देऊ नये.

कलम चौथे. पाने, हातोड्या आणि तेलाची झारी जॉबरला, म्हणजे आमचे माग दुरुस्त करणाऱ्या माझ्या जुन्या सोबत्याला, द्यायची होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. जॉबर म्हणाला, "मग मालक, मी सहीच करतो. पाने तसेही माझ्याच घरी आहेत." ते कधीपासून आहेत, हे मी विचारले नाही. कलम रद्द.

कलम पाचवे. मागांविषयी. माझ्यामागे चारही माग भंगारात द्यावेत. मुलीला देऊ नयेत. तीन तर बंदच आहेत. चौथ्यावर ती अजून साधे पांढरे कापड विणते. हा चौथा माग अवघड आहे. बीमवरचे, म्हणजे मागामागच्या रुळावर गुंडाळलेले, सूत संपत आले की आम्ही जुने धागे कापत नाही. नव्या बीमचा एकेक धागा जुन्याला गाठ मारून पुढे ओढतो. म्हणजे सगळे धागे पुन्हा फणीतून ओवायला नकोत. चौथ्या मागाचे धागे माझ्या बायकोने पहिल्यांदा ओवले. ती गेल्यानंतरही गाठीला गाठ लागत गेली. मुलीने ते कधी तुटू दिले नाहीत. "आईच्या हातचं ओवलेलं आहे," म्हणते. म्हणून सुताच्या व्यापाऱ्याला माझी हात जोडून विनंती आहे, की माझ्या मृत्यूनंतर माझ्या मुलीला सूत देऊ नये. रोखीनेही देऊ नये.

इथवर लिहून झाल्यावर, लिहिलेले चष्म्यानेही आता धड वाचता येत नसल्यामुळे, मी हा कागद वकील आणि जॉबर यांच्यासमोर मुलीलाच मोठ्याने वाचायला दिला. पाचव्या कलमाशी ती थांबली. मला वाटले रडेल, भांडेल. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही गेलात की मी सुटणार. असंच ना, बाबा?"

मी म्हणालो, "हो."

"मग रोज सकाळी तुमचा चहा ठेवताना मी देवाकडे काय मागू?"

वकिलांनी चष्मा पुसायला घेतला. जॉबर उठून बाहेर गेला. इतके दिवस मी मागांना नावे ठेवत होतो. तिला अडकवून ठेवणारा माग नव्हता, मी होतो.

म्हणून कलम पाचवे खोडले आहे. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. त्याजागी पुढीलप्रमाणे वाचावे.

चारही माग माझ्या हयातीतच, येत्या आठवड्यात, भंगारवाल्याने न्यायचे आहेत. मृत्युपत्रात जिवंतपणीचे कलम बसत नाही, असे वकिलांचे म्हणणे आहे. त्यांनी ते कुठे बसवायचे तिथे बसवावे. चौथ्या मागाचे धागे आज दुपारी कापले. कात्री जॉबरने चालवली. मी आणि मुलीने दोन बाजूंनी कापड धरले होते, कारण ताण सुटला की ते जमिनीवर पडते आणि मळते. तिने ते घडी घालून आपल्या पेटीत ठेवले.

मुलीने कारखान्याला होकार कळवला आहे. ती रविवारी निघेल. तिच्या माघारी माझे दोन वेळचे जेवण मुलाच्या घरून येईल. ते मी नावे न ठेवता जेवीन, आणि मुलगी फोनवर "कसे आहात?" म्हणून विचारील तेव्हा "मजेत आहे" असेच सांगेन, हे साक्षीदारांसमक्ष लिहून देतो.

ठिकाण: मागांचे खाते, पुढची बाजू.
तारीख: बुधवार, संध्याकाळ, माग बंद असताना.

लिहून देणार: खटखटे (सही)

साक्षीदार १: जॉबर (सही)
साक्षीदार २: समोरचा चहाटपरीवाला (सही). सोबत त्याचा शेरा: "वरचं शेवटचं वचन हे पाळतात की नाही, त्यावर मी लक्ष ठेवीन."